ठोक्या आता समर्थित नाही

हे तुम्हीच केलंत. आढेवेढे नकोत, "काही कारणास्तव" नको आणि "तांत्रिक सुधारणा" तर मुळीच नको. एका गुरुवारी सकाळी, कुणी बोलावलेलं नसताना, तुम्ही एका घरातल्या कॉम्प्युटरमध्ये शिरलात. पडद्यावर "थोडं थांबा, बंद करू नका" असा हुकूम लावलात. चहा गार होईपर्यंत एक चक्र गरगर फिरवलंत. आणि जाताना "तुमचं सगळं जिथल्या तिथे आहे" असं धडधडीत खोटं लिहून गेलात. सगळं जिथल्या तिथे नव्हतं. ठोक्या गेला होता.

म्हणजे ठोक्या टेबलावरच होता. त्याला जागचा हलवायला दोन धडधाकट माणसं लागतात, तो जातोय कुठे? पण कॉम्प्युटरच्या लेखी तो गेला होता. इतकी वर्षं ज्याला नावानं हाक मारायचा, त्याच्याकडे बघून कॉम्प्युटर आता म्हणत होता, "अज्ञात उपकरण".

ठोक्या हा ब्रेलचा प्रिंटर. त्यात शाई नसते. जाड कागद खाली सरकतो आणि आतल्या सुया त्यावर टिंबं ठोकतात. आवाज असा, की पत्र्यावर गारा पडाव्यात आणि पडतच राहाव्यात. शाळेला तो कुणीतरी देणगी म्हणून दिला होता. मुख्याध्यापकांचं पहिल्याच दिवशी कपाळ उठलं, म्हणून त्यांनी तो बेबीच्या घरी "तात्पुरता" पाठवला. शाळेच्या तात्पुरत्या गोष्टी जशा असतात तशीच ही निघाली, आणि ठोक्या घरचाच झाला.

बेबी पन्नाशीच्या पुढची आहे. जन्मापासून दिसत नाही. शाळेत तिला मुलं बाई म्हणतात आणि दबकून असतात. घरात मात्र ती बेबीच राहिली, कारण थोरला भाऊ, दादा, तिला दुसऱ्या नावानं हाक मारायला तयार नाही. दादा, दादांची बायको म्हणजे वहिनी, आणि बेबी अशी तीन माणसं त्या घरात राहतात. कॉम्प्युटर बेबीचा. ती तो कानांनी चालवते. पडद्यावर जे असेल ते कॉम्प्युटर बोलून दाखवतो आणि ती बटणं दाबत जाते, तेही दादांपेक्षा तिप्पट वेगानं.

हे दादांना मान्य नाही. दादा पाणीपट्टीच्या कचेरीत हेडक्लार्क आहेत आणि तिथे त्यांना कॉम्प्युटरमधलं कळतं असा बोलबाला आहे. या कीर्तीचं मूळ एवढंच, की एकदा साहेबांचा प्रिंटर बंद पडला आणि दादांनी टेबलाखाली वाकून सुटलेली वायर परत खोचली. त्या दिवसापासून कचेरीत काहीही बिघडलं की दादांना बोलावतात आणि दादा टेबलाखाली वाकतात. दहातल्या सात वेळा तिथेच दुखणं असतं. उरलेल्या तीन वेळा दादा बाहेर येऊन म्हणतात, "वरूनच प्रॉब्लेम आहे."

गुरुवारी दादा टेबलाखाली वाकले. वायर जागेवर होती.

"वरूनच प्रॉब्लेम आहे," दादा म्हणाले.

"वरून म्हणजे कुठून?" बेबी म्हणाली. "सोमवारी पेपर आहे, दादा."

आता हा सोमवार काय होता ते तुम्ही नीट ऐका, कारण चक्र फिरवताना तुम्ही ते विचारलं नव्हतं. बेबीच्या वर्गातली दहा मुलं, सगळी न दिसणारी, दिसणाऱ्या मुलांच्याच शाळेत शिकतात. आजवर परीक्षेला त्यांना हॉलमध्ये बसवत नसत. व्हरांड्यात एक बाक टाकायचे, कुणीतरी रिकामे शिक्षक येऊन प्रश्न मोठ्यानं वाचून दाखवायचे, आणि मुलं ऐकून उत्तरं लिहायची. प्रश्न पुन्हा ऐकायचा तर हात वर करायचा, आणि सरांनी उसासा टाकायचा. बेबी दोन वर्षं भांडली. शेवटी मुख्याध्यापक म्हणाले, "ठीक आहे. ब्रेलमध्ये पेपर छापून आणा, हॉलमध्ये बसू दे. नाही आले पेपर, तर आपला व्हरांडा आहेच." सोमवारचा पेपर मराठीचा होता. मुलांनी हॉलमधल्या जागा आधीच हातांनी चाचपून वाटून घेतल्या होत्या.

"हातानं टोचून काढ ना," वहिनी म्हणाल्या. तशीही सोय असते, पाटी आणि टोचणी घेऊन एकेक टिंब उठवायचं. पण दहा पोरांचा अख्खा पेपर, आणि बेबीचा उजवा अंगठा वर्षभर दुखत होता. "एकाचा होईल," बेबी म्हणाली. "मग कुणाला देऊ आणि कुणाला व्हरांड्यात पाठवू?"

म्हणून तिनं तुमच्या मदतकेंद्राला फोन लावला. बरंच संगीत ऐकल्यावर एक गोड आवाज आला.

"मॅडम, ठोक्या... सॉरी, तुमच्या उपकरणाच्या नावापुढे पिवळा त्रिकोण दिसतोय का?"

"नाही."

"नीट बघा, मॅडम."

"जन्मापासून नीटच बघतेय. दिसत नाही मला."

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. या उत्तराचं पान त्यांच्याकडे नसावं. "मग घरात कुणी दिसणारं आहे का?"

दादांनी फोन घेतला. त्रिकोण होता. गोड आवाज म्हणाला, की त्रिकोण म्हणजे ड्रायव्हर नाही. ड्रायव्हर म्हणजे तो छोटासा प्रोग्रॅम, जो कॉम्प्युटरला सांगतो की हे यंत्र कोण आहे आणि याच्याशी कसं बोलायचं. तो जुना होता म्हणून नव्या सुधारणेत काढून टाकला.

"म्हणजे यंत्र चांगलं आहे, कॉम्प्युटर चांगला आहे, फक्त दोघांची ओळख करून देणाऱ्याला तुम्ही हाकललंत," दादा म्हणाले.

"सर, आम्ही तुम्हाला लेखी कळवतो."

लेखी आलं, शुक्रवारी. ते कुठल्याशा यंत्रानं मराठीत उतरवलं होतं, कारण माणसाची अशी भाषा करायची छाती होणार नाही. ते असं:

"प्रिय मूल्यवान ग्राहक, आम्ही आपल्या निराशेची कदर करतो. आपले उपकरण आता समर्थित नाही. त्यामुळे ते कार्य करत नाही. कृपया नवीन उपकरण विचारात घ्या. आपला हा अनुभव कसा होता? एक ते पाच तारे द्या."

बेबीच्या कॉम्प्युटरनं ते वाचून दाखवलं, आपल्या त्या नाकातल्या सुरात. वहिनींना स्वयंपाकघरातून बाहेर यावं लागलं. "काय म्हणतोय तो? निराशेची कदर?"

"कदर करतायत," बेबी म्हणाली. "मुलांना सांगते मी, व्हरांड्यात बसा, पण तुमची कदर आहे."

दादांनी ते पत्र सगळंच्या सगळं कॉपी करून ठेवलं. कुणालाही भेटलं की दाखवायचं, म्हणजे आपला दोष नाही हे सिद्ध होईल, असा त्यांचा हिशेब.

आता या इमारतीत दोन विद्वान आहेत. वरच्या मजल्यावर दातांचे डॉक्टर, आणि समोरच्या दारात प्राध्यापक. सिस्टिम म्हणजे कॉम्प्युटर चालवणारा मूळ प्रोग्रॅम; डॉक्टरांकडे महागडी सिस्टिम आहे आणि प्राध्यापकांकडे फुकटची. तुमची ती नेहमीची, जी सगळ्यांकडे असते आणि जिला सगळेच शिव्या देतात, तिच्यावर दोघांचं एकमत आहे. बाकी दोघं जिन्यात भेटले तर एकमेकांच्या कॉम्प्युटरची चौकशी अशा सुरात करतात, की एखाद्याच्या दिवट्या भाच्याची करावी.

डॉक्टर आधी आले. त्यांची एक सवय आहे. समोरच्याच्या तोंडात हत्यारं असल्यासारखे ते प्रश्न विचारतात आणि उत्तराची वाट बघत नाहीत. "काय, प्रिंटर गेला? जुनी सिस्टिम ना? दुखतंय का? आमच्याकडे हे होत नाही. आमच्याकडे सगळं आपोआप." आणि त्यांनी चपातीएवढा पातळ लॅपटॉप टेबलावर ठेवला.

ठोक्याची वायर घेऊन दादा भोक शोधू लागले. लॅपटॉपला वायर खोचायला जागाच नव्हती. एक इवलीशी चीर होती, तिच्यात ठोक्याच्या वायरीचं नखसुद्धा गेलं नसतं.

"त्यासाठी एक जोडणी मिळते," डॉक्टर म्हणाले. "वेगळी घ्यावी लागते."

"आपोआप नाही मिळत?" वहिनींनी विचारलं.

दादा बाजारात गेले. पहिल्या दुकानात जोडणी नव्हती, दुसऱ्यात होती पण उलटी होती, तिसऱ्या दुकानदारानं "ब्रेल म्हणजे कुठली कंपनी?" असं विचारलं. दादा घामाघूम होऊन परतले तेव्हा बेबी डॉक्टरांच्या लॅपटॉपशी खेळत बसली होती आणि तिचा चेहरा खुलला होता. "दादा, काय गोड बोलते रे ही! प्रत्येक बटणाचं नाव सांगते. कुठे आहे, काय आहे, सगळं. असं माझ्याशी शाळेतसुद्धा कुणी बोलत नाही."

डॉक्टरांची मान अशी ताठली, की तो आवाज त्यांच्या घरातल्या मुलीचाच असावा.

जोडणी लावली. ठोक्याचा दिवा लागला. लॅपटॉप गोड आवाजात म्हणाला, "हे उपकरण ओळखीचे नाही." डॉक्टरांनी ठोक्याच्या कंपनीचा जुना प्रोग्रॅम उतरवून घेतला. लॅपटॉप आणखी गोड आवाजात म्हणाला, "या निर्मात्याची खात्री पटत नाही. हा प्रोग्रॅम उघडता येणार नाही." पर्याय दोन दिले होते, एक "कचऱ्यात टाका" आणि दुसरा "रद्द करा".

"पण माझी खात्री पटलीय ना!" दादा ओरडले. "मी ओळखतो त्याला! नऊ वर्षं घरात आहे!"

"तुमच्या म्हणण्याला इथे किंमत नाही," डॉक्टर शांतपणे म्हणाले. "हीच तर सुरक्षितता." आणि पातळ लॅपटॉप मिटून, पेशंट बसलेत म्हणून, वर निघून गेले. जोडणी मात्र दादांच्या हातात राहिली. ती अजून त्यांच्या खणात आहे. तिला लागेल असं घरात दुसरं काहीही नाही.

शनिवारी प्राध्यापक आले, खिशात पेनड्राइव्ह घेऊन. आल्या आल्या म्हणाले, "वरच्यांना जमलं नाही ना?" आणि मग चहा घेतला.

फुकटच्या सिस्टिमची गंमत अशी, की ती पेनड्राइव्हवरूनच चालते, जुन्याला धक्का लावत नाही. प्राध्यापकांनी काळ्या पडद्यावर काहीतरी टाइप केलं. ठोक्याची वायर जोडली. आणि काय सांगायचं, कुणी काही विचारलं नाही, कुणी कुणाची खात्री पटवली नाही, पडद्यावर ठोक्याचं पूर्ण नाव आलं, जन्मगावासकट. समोर उभं केलं आणि मिठी मारली, असा प्रकार.

दादांच्या डोळ्यांत पाणी आलं. "ओळखलं! बेबी, ओळखलं त्याला!"

"मला काहीच ऐकू येत नाहीये," बेबी म्हणाली.

खरंच येत नव्हतं. ठोक्याला पोटच्या पोरासारखं ओळखणाऱ्या त्या सिस्टिमला बेबीच्या कॉम्प्युटरचा स्पीकर ओळखता येत नव्हता. आवाज बंद. आणि पडदा बोलत नसेल, तर बेबीसाठी तो बंद टीव्ही.

"आवाजाचं कसं करायचं?" दादांनी विचारलं.

"तेही होतं. वाचायला लागेल."

"काय वाचायला लागेल?"

"पुष्कळ आहे," प्राध्यापक समाधानानं म्हणाले. "तीच तर गंमत. सगळं उघडं आहे, तुम्ही स्वतः दुरुस्त करू शकता. मी स्वतः माझ्या लॅपटॉपच्या आवाजावर एक सुट्टी घातली."

"आणि आला आवाज?" वहिनींनी विचारलं.

"एका कानात येतो," प्राध्यापक म्हणाले, आणि त्यांना काहीतरी काम आठवलं.

तर हिशेब असा झाला. तुमची जी नेहमीची, ती बेबीशी बोलते, पण ठोक्याला ओळखत नाही. जी महागडी, ती फार गोड बोलते, आणि गोड बोलूनच नाही म्हणते. जी फुकटची, ती ठोक्याला ओळखते, पण मुकी आहे. तीन सिस्टिमी, जगातले एवढे शहाणे कामाला लागलेले, आणि एका बाईनं एका यंत्रावर मुलांचा पेपर स्वतः छापावा, एवढं तिघी मिळूनही जमत नाही.

"मी छापतो," दादा म्हणाले. "पेपर तुझा तयार आहे ना? मी फक्त तिकडून उचलून इकडे ठेवायचा. दहा प्रती. तू जा, मुलांना फोन करून सांग की हॉलमध्ये बसायचंय."

 एरवी छापण्याआधी ती प्रत्येक ओळ कानानं ऐकते. "दादा, नीट बघशील ना?"

"अगं, मी हेडक्लार्क आहे."

रविवारी सकाळी ठोक्या सुरू झाला. इमारतभर गारांचा आवाज घुमला. वरून डॉक्टर गॅलरीत आले, समोरून प्राध्यापकांनी दार उघडून "चाललं ना!" असं अख्ख्या जिन्याला ऐकवलं. दादा कमरेवर हात ठेवून उभे होते. कागदामागून कागद येत होता, त्यावर सुरेख टिंबांच्या ओळी. किती कागद आले हे मोजायचं दादांना सुचलं नाही. पेपर मोठा आहे, मुलं दहा आहेत, येणारच. बऱ्याच वेळानं आवाज थांबला. कागद संपला होता. जाड कागदाचं घरातलं शेवटचं पुडकं, आणि रविवारी दुकान बंद.

दादांनी गठ्ठा छातीशी धरून बेबीच्या मांडीवर ठेवला. वहिनी दारात उभ्या राहिल्या. बेबीनं पहिल्या पानावर बोटं ठेवली, डावीकडून उजवीकडे नेली. थांबली. पुन्हा पहिल्यापासून नेली.

"प्रिय मूल्यवान ग्राहक," बेबी म्हणाली.

"काय?"

"आम्ही आपल्या निराशेची कदर करतो." तिनं दुसरं पान काढलं. "प्रिय मूल्यवान ग्राहक." गठ्ठ्याच्या मधून एक पान ओढलं. "आपले उपकरण आता समर्थित नाही. त्यामुळे ते कार्य करत नाही." मग अगदी तळाचं. "एक ते पाच तारे द्या."

काय झालं होतं ते दादांना कळायला वेळ लागला. पेपर कॉपी करताना त्यांचं बोट नीट दाबलं गेलं नव्हतं, आणि चिकटवताना चिकटलं ते आधीचं, याच सिस्टिमवर प्राध्यापकांना दाखवताना कॉपी केलेलं पत्र. छापण्याआधी पडद्यावर ते टिंबांत दिसत होतं, आणि दादांना टिंबं वाचता येत नाहीत. प्रतींच्या चौकटीत आधीच एकचा आकडा लिहिलेला होता. दादांनी तो न पुसता पुढे दहा टाइप केलं, ते झालं एकशे दहा. कुठल्या सिस्टिमनं विचारलं नाही, की बाबा, नक्की का? बेबीला ऐकू येत असतं तर एका क्षणात कळलं असतं. ऐकू येत नव्हतं, म्हणून नाही कळलं.

वहिनींनी ओढलेली पानं उचलून गठ्ठ्यात परत लावली. हे दादांना जास्त लागलं. ते खाली बसले आणि टेबलाखालच्या वायरीकडे बघत राहिले.

आणि मग बेबी हसायला लागली. आधी तोंडावर हात ठेवून, मग न ठेवता. "दादा, अरे, ते म्हणतात ठोक्या चालत नाही, हे ठोक्यानं शंभर वेळा छापून दिलंय!"

"सोमवारचं काय, बेबी?" दादांनी विचारलं.

बेबीनं पुन्हा पान चाचपलं, या वेळी खालून वर. "पत्र छोटं आहे. वरच्या भागातच संपतंय. खाली अर्ध्याहून जास्त पान कोरं आहे." ती उठली. "हेच कागद परत घालायचे. वरच्या ओळी सोडून खाली पेपर छापायचा. पण या वेळी माझ्याशिवाय नाही. दादा, बस इथे. पडदा मुका आहे ना? तू बोल. जे दिसेल ते सगळं. स्वतःची अक्कल चालवायची नाही, फक्त वाचायचं."

"म्हणजे मी काय..."

"तू माझा कॉम्प्युटर."

हेडक्लार्कनी घसा साफ केला. "यादी. सात घटक. पहिला घटक, फाइल. बटण. रद्द करा. बटण. पुढे."

"सावकाश. एवढा नाकात कशाला बोलतोयस?"

"तसाच बोलतो ना तो!"

वहिनी पदर तोंडावर धरून आत पळाल्या. दादा वाचत राहिले. एक एक प्रश्न, एक एक चौकट, प्रतींच्या चौकटीतला तो एकसुद्धा. बेबीनं तो पुसायला लावला आणि दहा लिहायला लावलं आणि पुन्हा वाचायला लावलं. मग ठोक्या दुसऱ्यांदा सुरू झाला, आणि या वेळी प्रत्येक पानाची पहिली प्रत बेबीनं गरम गरम ओढून बोटांनी वाचली. पेपर होता.

सोमवारी दहाही मुलं हॉलमध्ये बसली. बेबीनं देखरेखीच्या चित्रकलेच्या सरांना चारदा बजावलं होतं, की मुलांना सांगा, प्रत्येक पानावरचा वरचा मजकूर सोडून द्यायचा. सर रंगाच्या डब्यांच्या काळजीत होते. ते विसरले.

मुलांनी काय करावं? मराठीचा पेपर. पहिल्याच पानावर न पाहिलेला उतारा, खाली प्रश्न. दुसऱ्या पानावर तोच उतारा. तिसऱ्यावर तोच. इतक्या वेळा दिलाय म्हणजे फार महत्त्वाचा असणार. दहाही मुलांनी तो सोडवला.

संध्याकाळी बेबी उत्तरपत्रिका घेऊन बसली, दादा शेजारी. बहुतेकांनी अनुभवाला एक तारा दिला होता. एकानं विचारलं होतं, तारा म्हणजे किती गुण? एकानं "निराशेची कदर" या शब्दांचा वाक्यात उपयोग करून दाखवला होता: "व्हरांड्यातल्या बाकावर आमच्या निराशेची कदर होत असे." बेबीनं त्या ओळीवरून पुन्हा बोट फिरवलं. दादा खिडकीबाहेर बघायला लागले.

मग एका मुलीचा कागद आला. तिनं तारे दिले नव्हते. तिनं लिहिलं होतं, "या उताऱ्यात चूक आहे. यंत्र चालत नाही असं उतारा म्हणतो. पण उतारा त्याच यंत्रावर छापलेला आहे, कारण आमच्या यंत्राचं प्रत्येक अक्षरातलं तिसरं टिंब नेहमी थोडं बसकं उठतं आणि इथेही ते बसकंच आहे. यंत्र चालतं आहे. मग ते चालत नाही असं कुणी ठरवलं आणि आम्हाला का नाही विचारलं?"

बेबीनं ते दोनदा वाचलं आणि तिला पैकीच्या पैकी गुण दिले, जो प्रश्न विचारलाच नव्हता त्याचे. मुख्याध्यापक म्हणाले, असे गुण देता येत नाहीत. बेबी म्हणाली, देता येतात, दिलेत.

ठोक्या अजून टेबलावर आहे. मुकी सिस्टिम चालू करायची असली की दादा शेजारी खुर्ची ओढून बसतात आणि नाकात बोलतात. दिवस येतील तसे येतील. पण त्या मुलीचा प्रश्न अजून तसाच उभा आहे. तो इमारतीतल्या दोन विद्वानांसाठी नाही, मदतकेंद्रातल्या त्या गोड आवाजासाठीही नाही. तो तुमच्यासाठी आहे. तारे ठेवा तुमच्याकडेच, कदरही ठेवा.

कुणी ठरवलं? आणि का नाही विचारलं? सांगा.